उरकुडे गुरुजींची पांदण

आमच्या हिंगणीत एक गृहस्थ दररोज सकाळी सायकलच्या कॅरिअरवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, बांधून बोर नदीच्या काठाने फिरावयास जात असत. गडव्याखाली कापडाची चुंबळ, वर झाकण नाही. फेरी संपली की ते सायकल स्टँडवर लावीत, गडव्यात वाकून पाहत आणि सांडलेल्या पाण्याकडे बोट करून निकाल जाहीर करीत : "नापास!"

नापास कोण, तर रस्ता.

हे गृहस्थ म्हणजे प्राथमिक शाळेचे शामराव उरकुडे गुरुजी. आमची भिंत सामाईक. ती नेमकी कोणाच्या हद्दीत येते याविषयी मी त्यांना पूर्वी एकदा लेखी कळविले होते. त्यांनी उत्तर न देता दोन्ही बाजूंनी चुना मारून घेतला. असा मनुष्य मी तहसील कचेरीत रीडर म्हणून घालविलेल्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

गावात निरनिराळे तर्क होते. गुरुजी महादेवाला पाणी घालायला जातात, असे बायकांचे ठाम मत होते. एका म्हातारीने तर भर रस्त्यात त्या गडव्याला हात जोडले. गुरुजी सायकलवरून न उतरताच ओरडले, "अवं माय, त्यात देव नाई, विहिरीचं पाणी हाय! बाजूले हो, परीक्षा चालू हाय!"

परीक्षा ज्या रस्त्याची चालली होती, ती आमच्या गावची जुनी पांदण. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून बैलांच्या बंड्या जाण्यासाठी सोडलेली ही मुरमाची वाट नदीच्या वळणावळणाने खालच्या गावांपर्यंत जाते. डांबरी सडकेवर गुरुजींचा विलक्षण राग. "टरक मागून हारन देते अन् माणसाचं काळीज पुढं निंघून जाते," असे ते म्हणत. पांदणीवर मोटार नाही, भोंगा नाही, धूर नाही. पळसाच्या सावलीत बसलेला होला सायकल जवळून गेली तरी उडत नाही. पण वर्षानुवर्षे बंड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या. गुरुजी हँडलला घमेले अडकवून जात, नदीकडून मुरूम आणीत, एकेक खड्डा भरून पायाने दाबीत. कोणी हटकले तर त्यांचे एकच वाक्य : "मुरूम पहिले, मंग बोलू."

या उद्योगामागचे कारण मला माझ्या पत्नीने सांगितले. शेजाऱ्याविषयीची माहिती मला नेहमीच घरातील साक्षीदाराकडून मिळते. गुरुजींच्या पत्नी काशीबाई मागे बंडीतून पडल्या आणि त्यांची पाठ कायमची दुखावली. बंडीचा एक हादरा बसला तरी त्या पांढऱ्याफटक पडत. सडकेवरून मोटारीने नेण्याचा प्रयोग एकदा झाला होता. अर्ध्या वाटेतून परत आणावे लागले. त्यांचे माहेर याच पांदणीवर, नदीच्या खालच्या अंगाला. तेथे त्यांच्या एकुलत्या भावाला, सर्वांनी आशा सोडल्यावर, मुलगी झाली होती. मुलीचे नाव आत्याने ठेवायचे असते. भाऊ हट्टाला पेटला होता : आत्या येईल तेव्हाच बारसे. मूल पालथे पडू लागले, बसू लागले, आणि तरीही त्याला नाव नव्हते.

"म्हणून तो गडवा," माझी पत्नी म्हणाली. "ज्या दिवशी पाणी सांडणार नाही, त्या दिवशी बाईंना मागे बसवणार. आणि तुम्ही अर्ज लिहीत बसा!"

हा टोमणा अन्यायाचा होता. अर्ज मी तत्पूर्वीच केला होता. कारण नदीच्या मोठ्या वळणावर बापूराव पाटलांनी पांदण अडविली होती. दरवर्षी नांगरताना एकेक ओळ आत सरकत त्यांनी अर्धी वाट शेतात घेतली, आणि त्या वर्षी राहिलेल्या अर्ध्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचे आडवे कुंपण घातले. गावच्या वहिवाटींची जी सरकारी नोंद, वाजिब-उल-अर्ज, तिच्यात ही पांदण सार्वजनिक असल्याचे स्वच्छ लिहिलेले आहे. ते कलम उतरवून मी तहसीलदारांना अर्ज दिला, वर उपायुक्तांना स्मरणपत्र दिले, त्यावर नागपूरच्या सचिवालयास सविस्तर निवेदन पाठविले. तेवढ्यात राज्यच बदलले. आम्ही मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो, आणि माझे निवेदन "योग्य कार्यवाहीसाठी" मुंबईस रवाना झाले. समुद्राकाठचा कारकून बोर नदीच्या वळणावरील काट्यांचा निवाडा करणार! मी याविषयी निराळे पत्र लिहिले. ते कडक होते.

इकडे गुरुजी काय करीत होते? ते दररोज त्या कुंपणापाशी उतरत, काठीने काट्या बाजूला करीत, सायकल पलीकडे नेत आणि मागे वळून काट्या पूर्ववत लावून ठेवीत!

मी हादरलो. "गुरुजी, आपण काट्या परत लावता म्हणजे पाटलांचा कब्जा मान्य करता! उद्या न्यायालयात ते हेच सांगतील!"

"काट्या त्याच्या हायेत जी, रीडरसाहेब. दुसऱ्याची चीज जागच्या जागी ठेवा लागते. पोरायले शायेत हेच शिकोतो मी."

"पण वाट आपली आहे!"

"वाट आपली हाय, म्हणून तं रोज जातो. तुमी काऊन एवढे तापून राह्यले?"

शेवटी मी नोटिशीचा मसुदा खिशात घालून स्वतः वळणावर गेलो. पाटील कुंपणापाशी उभे होते. धिप्पाड देह, पांढरे धोतर, तोंडात पान. मी पहिले कलम वाचतो न वाचतो तोच गुरुजी सायकलवरून आले. त्यांनी गडवा सोडून माझ्या हातात दिला. नोटीस एका हातात आणि गडवा दुसऱ्या हातात, अशा अवस्थेत कोणत्याही माणसाला कायदा नीट मांडता येत नाही, हे मी येथे नमूद करतो.

"बापू, बस मागं," गुरुजी म्हणाले.

"मी? काऊन जी गुरुजी?"

"बस म्हणतो नं. चौथीत तुले बाकावर उभं केलं होतं, आता बसाले सांगून राह्यलो."

कधीकाळचा विद्यार्थी मुकाट्याने कॅरिअरवर बसला. टायर जमिनीपर्यंत दबले. गुरुजींनी ज्या भागातून पाटलांचा नांगर फिरला होता, नेमकी तीच ढेकळे निवडून सायकल हाणली. पहिल्या ढेकळाला पाटलांचे पान बाहेर पडले. दुसऱ्याला ते "अरे बाप्पा!" म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी गुरुजींची कंबर धरली.

"थांबा जी! मणका गेला माया!"

गुरुजी थांबले. घाम पुसत अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुया मणका धडधाकट हाय, बापू. तिचा नाई. त्या जागेवर तिले बसाचं हाय."

पाटील कमरेवर हात ठेवून खाली उतरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रीडरसाहेब, थो तुमचा कागद ठेवा खिशात. उगाच शाई वाया."

मी कागद खिशात ठेवला नाही. त्यांच्या हातात रीतसर दिला आणि पोच मागितली. पाटलांनी ती दिली नाही. परंतु दुसऱ्या दिवशी काट्या निघाल्या, शेताचा धुरा, म्हणजे बांध, मूळ जागी मागे सरकला, आणि पाटलांच्याच बंडीतून आलेला मुरूम त्या वळणावर पडला. माझ्या अर्जाचे उत्तरही पुढे यथावकाश आले : "स्थळपाहणी करण्यात येईल." पाहणी आजतागायत झालेली नाही. मी अर्ज मागे घेतलेला नाही.

मग एका सकाळी सामाईक भिंतीपलीकडून आरोळी आली, "पास! रीडरसाहेब, पास झाला!"

गुरुजींनी घरच्या खुर्चीची पाठ कापून कॅरिअरला जोडली, त्यावर वाकळ दुमडून घातली आणि मागच्या टायरमधील थोडी हवा सोडली. "खुर्ची शाळेची तर नाही?" मी विचारले. "मायी हाय जी, चौकशी लावू नका," ते म्हणाले. काशीबाई बसल्या. नेसूचे चांगले लुगडे, डोक्यावरून पदर, मांडीवर बाळंतविड्याचे गाठोडे. वाटेत पुन्हा अडथळा उद्भवल्यास प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवा, म्हणून मी माझ्या सायकलवरून मागे निघालो.

वाटेत गुरुजी क्षणोक्षणी विचारत, "दुखते का व?"

"नाई."

"आता?"

"नाई म्हटलं नं. पुढं पाहा, नाई तं नदीत घालान."

थंडी होती. नदीचे पाणी स्वच्छ होते. सबंध वाटेवर आम्हाला एकही वाहन भेटले नाही.

बारसे झाले. बारशात पुरुषांनी ओसरीवर बसावे, हा आमच्याकडील शिरस्ता. मी आणि मुलीचे वडील तसे बसलो. गुरुजी मात्र दाराच्या चौकटीत उभे. आत पाळण्याभोवती बायकांची गर्दी. काशीबाई हळूहळू वाकल्या आणि मुलीच्या कानात त्यांनी नाव सांगितले. आता नाव सांगून झाले की जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही सर्वत्रची रीत. अनेक महिने तुंबलेला उत्साह होता. बांगड्या भरलेले हात एकदम वर गेले.

तेवढ्यात दारातून गुरुजी आत घुसले. गुरुजींना शिरस्ता मोडताना मी तेव्हाच पाहिले. ते काशीबाईंच्या आणि त्या हातांच्या मध्ये शिरले, पाळण्याच्या दांडीला धरून ओणवे झाले आणि म्हणाले, "मायी पाठ हाय नं, हिच्यावर मारा. तिच्या वाट्याचे मले द्या."

मग एक म्हातारी म्हणाली, "पाहाता काय व पोरींनो, गुरुजीनं आजवर कमी मारलं का शायेतल्या पोरायले?" आणि जो हशा उसळला, त्यात ते धपाटे पडू लागले. गुरुजींचा चष्मा पाळण्यात पडला. मुलीने तो धरला. गुरुजी ओणवेच होते आणि प्रत्येक धपाट्याला "अजून" म्हणत होते.

बायका थकल्या. सर्वांत शेवटी काशीबाईंनी हात उगारला, आणि तो गुरुजींच्या पाठीवर तसाच ठेवून दिला.