पुस्तकात घोडा होता

चित्रपटांसाठी कादंबऱ्या आणि चित्रकथा उसवून पुन्हा शिवून देणारा एक रूपांतरकार होता. पडद्यावर त्याचे नाव 'रूपांतर' या शब्दापुढे येई, तेव्हा प्रेक्षक अंधारात आपापल्या खुर्च्या चाचपत असत. याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते आणि ते त्याला जमत नसे. एकदा तरी 'कथा' या शब्दापुढे आपले नाव यावे आणि ते बाबांनी पाहावे, एवढेच त्याला हवे होते.

बाबा एका कार्यालयीन इमारतीत लिफ्टमन होते. दिवसभर इतरांना वर पोहोचवून संध्याकाळी ते एकटे खाली येत. त्या खाली येण्यातल्या शांततेवर त्याने पटकथा लिहिली आणि निर्मात्यापुढे ठेवली.

निर्मात्याने पाने चाळली. "सुरेख. कशावरून घेतलंय?"

"मनातून."

निर्मात्याने शेजारी बसलेल्या कायदेशीर सल्लागाराकडे पाहिले. सल्लागाराने चष्मा पुसला. "मनाचे हक्क कोणाकडे आहेत?"

"मन माझंच आहे."

"तसं सगळेच म्हणतात हो."

"आणि आधी कुठे छापून आलेलं नाही," निर्माता म्हणाला, "तर ते चांगलं आहे हे आम्हाला कळायचं कसं?"

पाने केराच्या टोपलीच्या दिशेने सरकू लागली. रूपांतरकाराच्या तोंडून निघून गेले, "एका जुन्या कादंबरीवरून घेतलंय."

"मग आधी सांगायचं ना," निर्माता खुर्चीत सैलावला. "वाचलीय मी ती. कॉलेजात असताना. ढसाढसा रडलो होतो."

"लेखक?" सल्लागाराने विचारले.

"वारले. मागे कुणी नाही."

"फारच समजूतदार लेखक," सल्लागार म्हणाला आणि त्याने फाइल मिटली.

दिग्दर्शकानेही ती कादंबरी वाचली होती. शिवाय तिची चित्रकथा लहानपणी त्याच्या उशाखाली असे. त्यामुळे मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहण्याबाबत तो कमालीचा हट्टी होता.

"पटकथेत घोडा कुठंय?"

"घोडा नव्हता."

"पुस्तकात घोडा होता. लिफ्टमनचा. पांढरा."

"लिफ्टमनला घोडा कशाला लागतो?"

"तीच तर त्या लेखकाची गंमत होती," दिग्दर्शकाने उसासा टाकला. "तुम्ही नीट वाचलेली दिसत नाही."

मग निर्मात्यालाही घोडा आठवला. सल्लागाराला खोगीर आठवले. नायिकेला घोड्याचा मृत्यू आठवला आणि तिने डोळे टिपले. इतक्या सुजाण वाचकांसमोर रूपांतरकाराने मान खाली घातली आणि घोडा लिहिला.

घोडा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून लिफ्ट मोठी करण्यात आली. मोठ्या लिफ्टपुढे इमारत ठेंगणी दिसू लागली, म्हणून वर मजले चढवण्यात आले. एवढ्या उंचीवर एकच घोडा दरिद्री वाटे, म्हणून घोडदळ मागवण्यात आले. संध्याकाळच्या शांततेचा प्रसंग तेवढा टापांच्या आवाजामुळे रद्द करावा लागला.

चित्रपट झळकला. 'कथा' या शब्दापुढे, रूपांतरकाराने घाईघाईत मनानेच रचलेल्या दिवंगत लेखकाचे नाव पडदाभर पसरले आणि सभागृह आदराने स्तब्ध झाले. पुढच्या नावाला खुर्च्या वाजल्या.

समीक्षकांनी एकमुखाने लिहिले की, मूळ कादंबरीतील घोड्याचे एकटेपण रूपांतरकाराला पेललेले नाही. वाचकांच्या संघटनेने निषेध सभा भरवली आणि खुलाशासाठी त्यालाच बोलावले. तो उभा राहिला आणि आयुष्यात प्रथमच त्याने समोरच्यांच्या डोळ्यांत पाहिले.

"असं पुस्तकच नाहीये. ती गोष्ट मी लिहिली."

सभागृहात शांतता पसरली. त्याने पटकथेत लिहिली होती, अगदी तशी. मग पहिल्या रांगेतल्या निवृत्त बाई मायेने म्हणाल्या, "बाळ, वाचलं नसेल तर तसं सांगावं. पण म्हणून पुस्तकच नाही म्हणू नये." टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो घरी पोहोचला तेव्हा बाबा चित्रपट पाहून नुकतेच आले होते आणि बूट काढत होते.

"कसा वाटला?"

"बरा होता की. घोडे जरा जास्त झाले."

"बाबा, ती तुमची गोष्ट होती. मी लिहिलेली."

बाबांनी बूट जुळवून भिंतीशी ठेवले. लेकाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "लोक बोलतात ते मनाला लावून नको घेऊस रे. तू मेहनत घेतलीस, दिसतं ते. पण पुस्तकातला लिफ्टमन जास्त शांत होता."

दुसऱ्या दिवसापासून त्याने ती कादंबरी लिहायला घेतली. एका प्रकाशकाने ती दिवंगत लेखकाच्या नावावर, सुधारित आवृत्ती म्हणून काढली. दुकानात कुणीही ती 'वाचायची आहे' म्हणून मागत नाही. सगळ्यांना ती 'पुन्हा एकदा वाचायची' असते. नव्या आवृत्तीतून घोडा गाळल्याबद्दल तक्रारींचा ढीग साचला असून प्रकाशकाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आहे.

कादंबरीचे नाव येथे दिलेले नाही. आपण ती वाचलेलीच आहे.