बटण पुन्हा दाबा

मी फक्त एक वाक्य बदललं हो, बाकी माझा काही गुन्हा नाही! आमची कंपनी मोबाईलवर चालणारं कुलूप बनवते आणि त्याचं माहितीपुस्तक मी लिहितो. (ते कुणी वाचत नाही, म्हणून तर नोकरी टिकून आहे.) मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "ज्ञात दोष: दार अडलं तर बटण पुन्हा दाबू नका. कुलूप गोंधळतं आणि अर्धा तास उघडत नाही."

साहेब भडकले. "हे वाचून कोण घेईल? दोष खोडा! ‘दार अडलं तर बटण पुन्हा दाबा’ एवढंच लिहा. गिऱ्हाइकाला धीर येतो."

लिहिलं. बक्षीस म्हणून एक कुलूप मिळालं, ते हौसेनं घरी बसवलं. (फुकट ते पौष्टिक!)

दुसऱ्याच दिवशी बायकोची मुलाखत होती. या नोकरीसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. सकाळी मी बनियनवरच कचरा ठेवायला बाहेर आलो आणि मागे दार लागलं. ते आतूनही उघडेना.

"बटणाला हात लावू नका!" मी ओरडलो.

पण आत सासूबाई होत्या. माझं पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारी जगातली एकमेव व्यक्ती.

"जावईबापू, यात तर लिहिलंय, पुन्हा दाबा." टिंग!

"अहो, ते चूक आहे! आता अर्धा तास उघडणार नाही!"

"छापलेलं चूक कसं असेल?" टिंग!

"पुस्तक मीच लिहिलंय!"

"तरीच!" आतून बायको म्हणाली. "अरे, माझी मुलाखत!"

जिन्यात शेजारी जमले. शेवटी लाज गुंडाळून ठेवून मी बोंब मारली, "मी खोटं लिहिलं! साहेबांना घाबरून!" टिंग थांबलं. शेजारच्या काकांनीही हेच कुलूप मागवलं होतं; त्यांनी तिथंच फोन काढून ऑर्डर रद्द केली.

अर्ध्या तासानं दार उघडलं. बायकोनं मुलाखत घेणाऱ्यांना फोनवर जे घडलं ते सरळ सांगितलं होतं. त्या लोकांना तिची इतकी दया आली, की मुलाखत दुपारी ठेवली. संध्याकाळी ती नोकरी घेऊनच परतली.

"ठरलं!" मी छाती फुगवून म्हणालो. "साहेब काहीही म्हणोत, यापुढे दोष पहिल्याच पानावर!"

सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "जावईबापू, लग्न ठरवताना तुमच्या आईनंही तुमच्या दोषांचं पान काढूनच टाकलं होतं. तेव्हापासून माझी लेक बिचारी बटण दाबतेय."