गाठोडं सुरक्षित आहे

ज्ञानाचा खरा शत्रू वाळवी नसून वाचक आहे, हे कोल्हापूरच्या आशियाविद्या मंडळाला फार पूर्वीच कळून चुकले होते. वाळवी निदान पोटासाठी खाते. वाचक भरल्या पोटी येतो आणि थुंकी लावून पाने उलटतो. मंडळाच्या पाहणीत जेवढी फाटकी पाने सापडली, ती सगळीच्या सगळी कुणी ना कुणी उघडलेली होती.

म्हणून मंडळाचा संग्रह बांधलेला असतो. फारसी फर्माने, कानडी ताडपत्रे, चीनहून आलेले एक चित्र (ते सरळ टांगले आहे की उलटे, यावर कार्यकारिणीत दोन गट आहेत) आणि लाल कापडातली गाठोडीच गाठोडी. दसऱ्याला गाठोड्यांना हळदकुंकू लागते. ज्ञानाचा याहून मोठा मान तो कोणता?

ही शिस्त अध्यक्ष हंबीररावांची. ते साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले. उतारवयात लेक झालेला बाप तिला उंबऱ्याबाहेर सोडत नाही, तसे त्यांचे अक्षरांबाबत झाले. त्यांनी दोन नियम केले. ज्याला गाठोडे उघडायचे, त्याने आत काय आहे ते आधी सांगावे. (ठाऊक नसलेल्याच्या हाती ठेवा देणे धोक्याचे, ठाऊक असलेल्याला उघडायची गरजच नाही.) आणि ओळीखाली बोट ठेवून वाचणाऱ्यास मज्जाव. (हंबीरराव बोट ठेवूनच वाचतात. पण अध्यक्षावर वाचायची वेळ येत नाही.)

ती आली. नात अनुजाची हळद तोंडावर होती. थोरली बहीण आक्का म्हणाली, "हंबीर, आईची हळदीची ओवी आण की. तुमच्या मंडळातच हाय न्हवं?"

होती. आई हयात असताना मंडळाच्या एका विद्वानाने गारगोटीला येऊन तिच्या साऱ्या ओव्या उतरवून नेल्या होत्या. आता त्या सुरक्षित झाल्या, म्हणून घरात कुणी पाठ ठेवल्या नाहीत.

हंबीरराव मंडळात गेले. गाठोडे टेबलावर आले. मागणारा म्हणून ते अलीकडे उभे राहिले, मग वळसा घालून अध्यक्षाच्या खुर्चीत बसले.

"ओवीत काय हाय?" त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेला विचारले. पुन्हा वळसा घालून उत्तर दिले, "ठावं असतं तर आलो असतो व्हय?"

पुन्हा खुर्ची. "मग न्हाय जमायचं, पावणं."

शिपाई चमन दारातून बघत होता. "सायेब, सोडू का गाठ? कोण बघतंय?"

"मी बघतोय की!" हंबीरराव ओरडले. त्यांचे बोट ओळीखाली ठेवायच्या तयारीत आपोआप ताठ झाले होते. त्यांनी ते मुठीत दडपले.

घरी आक्काने विचारले, "कोण न्हाय म्हणालं?"

"अध्यक्ष."

"आन् अध्यक्ष कोण?"

हंबीरराव टोपी सारखी करत बसले.

"तुला अक्षर येत न्हवतं, तवा बरा हुतास," आक्का म्हणाली. "मागितलं की देत तरी हुतास."

हळदीला आक्का जात्यापाशी बसली. तिने पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यावर थांबली. बायका थांबल्या. मग शेजारच्या मांडवात डीजे सुरू झाला.

ती अर्धी ओळ मात्र जमलेल्या प्रत्येकाने मोबाईलमध्ये घेतली. आता ती कधीच हरवणार नाही.

वाचकहो, तुमच्याही मोबाईलमध्ये घरातल्या एखाद्या म्हातारीचा आवाज असेलच. तो उघडून ऐकू नका, असे मंडळाने तुम्हाला बजावण्याची गरज नाही. हा नियम तुम्ही आधीपासूनच पाळता.