डाग क्रमांक एक

चिंचटेकवाडीच्या जलतरण तलावात, उथळ बाजूच्या तिसऱ्या पायरीवर एक तपकिरी डाग आढळून आला. डागाचा आकार घोड्याच्या नालेसारखा होता आणि डागावर घोड्याची नाल पडलेली होती. तरीही डागाचं कारण अज्ञात असल्याचं ग्रामपंचायतीनं जाहीर केलं आणि महिन्यापूर्वीच उघडलेला तलाव बंद केला.

या निर्णयाचा सगळ्यात मोठा फटका बसला सारजाआक्कांना. वय बासष्ट, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "महिनाभर रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चाला. फरक पडला नाही तर ऑपरेशन." तलावाच्या नियमात पोहण्याचा पोशाख सक्तीचा, म्हणून आक्कांनी नारायणगावातून तोही आणला. दोरीवर वाळत घातलेला तो निळा पोशाख बघून त्यांचे मालक सावळाराम तीन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. एवढी सगळी तयारी झाली आणि तलावाला कुलूप.

आक्का लंगडत ग्रामसेवकाकडे गेल्या.

"भाऊसाहेब, तलाव कवा उघडायचा?"

"डाग कुठल्या धातूचा आहे, हे सिद्ध झाल्यावर," सुनील भाऊसाहेब म्हणाले. "तपकिरी असेल तर लोखंड, हिरवट-निळा असेल तर तांबं, काळा असेल तर मँगेनीज. तसं परिपत्रकच आहे."

"मंग ह्यो तपकिरीच हाय की!"

"तो तुम्हाला. कार्यालयाला रंग दिसत नाही, अहवाल दिसतो."

"आवो, उद्घाटनाला सरपंचांनी नाल टाकली न्हाई का पाण्यात, तलावाला दिष्ट लागू नये म्हणून? मी सोता टाळ्या वाजवल्यात!"

भाऊसाहेबांनी इतिवृत्त काढून बघितलं. "टाळ्यांची नोंद आहे. नालेची नाही."

नाल पंचांसमक्ष काढून पिशवीत सीलबंद झाली. एका प्रयोगशाळेला पत्र गेलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'आधी धातू कळवावा, म्हणजे त्या धातूच्या तपासणीचा अर्ज पाठवता येईल.' इकडे डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही देऊन टाकली.

शेवटी कॉलेजात केमिस्ट्री शिकणारी नात प्राची म्हणाली, "आजी, सी व्हिटॅमिनची गोळी घास डागावर. उजळला तर लोखंड. आणि गोळ्या जास्त घातल्या तर डागच जातो."

गोळ्या आरोग्य केंद्रात होत्या, पण पेशंटच्या नावावरच मिळायच्या.

"पेशंट तलावात हाय," आक्का म्हणाल्या.

"घेऊन या की मग इथं," खिडकीतला माणूस म्हणाला.

"पायरीला चिकाटलाय."

मागं रांग वाढत होती. त्यानं केसपेपर केला. नाव: डाग. वय: दीड महिना. पत्ता: तिसरी पायरी. तक्रार: निघत नाही. गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

सकाळी वॉचमन गोरख गेटवर आडवा आला. "आक्का, पवायला बंदी हाय."

"पवतंय कोण? पेशंटला औषध द्याया चाललेय."

गोरखनं केसपेपर उलटा धरून वाचला आणि कुलूप काढलं. आक्कांनी गोळ्या कुटून सावळारामांच्या मोज्यात भरल्या, मोजा डागावर ठेवला आणि त्यावर टाच रोवून अर्धा तास उभ्या राहिल्या. टाच उचलली तर पायरी नव्या नवरीसारखी गोरीपान.

बातमी कळताच भाऊसाहेब धावत आले. तोंडचं पाणी पळालेलं.

"आक्का, तुम्ही सरकारी डाग पुसला?"

"मंग? तुमचंच काम केलं की!"

"अहो, डाग-निर्मूलनाचा निधी मंजूर झालाय! गुरुवारी जिल्ह्याचं पथक येतंय. डागच नसेल तर निर्मूलन कशाचं करायचं?"

तातडीची सभा बसली. सीलबंद पिशवी फोडली, सरपंच बाळासाहेबांनी नारळ वाढवून नाल पुन्हा तिसऱ्या पायरीवर सोडली. पण गंज चढायला वेळ लागतो, त्याला ठराव मंजूर करून उपयोग नाही. म्हणून तोवर तिथं गेरूचा तात्पुरता डाग काढला. पथकानं काठावरून पाहणी केली आणि शेरा मारला, 'डाग प्रगतिपथावर. रोज अर्धा तास पाण्यात उतरून निरीक्षण करावे.'

अशी डाग निरीक्षण समिती स्थापन झाली. औषधोपचाराचा पूर्वानुभव असल्यानं आक्का बिनविरोध अध्यक्ष झाल्या. मग सरपंचांचे मेहुणे सदस्य झाले, मेहुण्यांचे साडू झाले, आणि चौथ्या दिवशी निळा पोशाख बघून लाजणारे सावळारामसुद्धा चट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून स्वीकृत सदस्य म्हणून पाण्यात उतरले. आज समितीत एकोणचाळीस जण आहेत. बाहेर पाटी आहे, 'पोहण्यास सक्त मनाई. फक्त निरीक्षण.' परवा मढचे पावणे आले, तर त्यांनाही तज्ज्ञ म्हणून एक डुबकी मारू दिली.

आक्कांचं ऑपरेशन रद्द झालं. मागच्या आठवड्यात त्या घाटघरला बहिणीकडं गेल्या आणि शेवटचा चढ चालत चढल्या. आता महिन्यातून एकदा त्या मोजा घेऊन जातात आणि अहवालात प्रगती दिसावी म्हणून डाग जरासा फिका करतात. पार घालवत नाहीत. गुडघ्यांचं भलं कशात आहे, ते त्यांना कळलंय.

समितीत चाळिसावी जागा अजून रिकामी आहे. अर्ज रीतसर मागवलेत, निवड गुणवत्तेवर होईल. तुम्ही हसा खुशाल. फक्त आत्ता हे वाचता वाचता, चिंचटेकवाडीत आपल्या ओळखीचं कोण आहे, हे मनात आठवत होतात ना, त्यांनाच फोन लावा.