बासष्ट ग्रॅमची बोट

पांढरीपांडे काका खिशात वजनकाटा घेऊन फिरतात. सोनाराकडे असतो तसला, तळहाताएवढा. आमच्याकडे चहाला आले की आधी बिस्किट काट्यावर ठेवतात, आकडा वाचतात आणि मगच ते चहात बुडवतात. एकदा माझ्या मेहुणीची लग्नपत्रिका तोलून म्हणाले, "एकशे चाळीस ग्रॅम. काहून इतकं जड? लग्नच आहे ना?" दाराची पाटी हलकी व्हावी म्हणून त्यांनी तिच्यातलं 'पांढरी' करवतीनं कापून टाकलं. उरलं नुसतं 'पांडे', आणि तेव्हापासून पोस्टमन त्यांना पंडितजी म्हणून नमस्कार करतो.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे किस्से नकला करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगण्यासाठीच हा खटाटोप.

काका आमच्या शेजारचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले. छंद एकच, रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या लहान बोटी बनवायच्या. असतील हातभर लांब. थर्माकोल तासून आकार करायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं अगदी पातळ कापड चढवायचं, रेझिन चोपडायचं, आणि मग जुन्या एटीएम कार्डानं तेच रेझिन निपटून काढायचं. सुकल्यावर आतला थर्माकोल कोरून टाकला की उरतं ते बोटीचं नुसतं अंग, अंड्याच्या टरफलासारखं. ते बासष्ट ग्रॅम भरलं की काकांना एकसष्ट पाहिजे असायचं. "तळाचं शिसं कमी करता नाही येत सरजी, बोट पलटते," ते मला समजावायचे. "मग अंगातूनच काढा लागते. वजनानं माणूस बुडते."

हा सगळा उद्योग चालायचा आमच्या गॅलरीत, कारण रेझिनच्या वासानं काकूंना खोकला येतो. काकूंना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. पाय सावरले, उजवा हात अधू राहिला. त्यांच्यासाठी आम्ही वास सहन करतो, हे मी चारचौघांत उपकार केल्यासारखं सांगायचो.

दसऱ्याच्या आधी काका काकूंना घेऊन नागपूरला डॉक्टरकडे गेले. जाताना नवी बोट गॅलरीतच ठेवून गेले. "फक्त पाहत राहजा," म्हणाले. "हात नका लावू."

मी पडलो चित्रकलेचा मास्तर. बिनरंगाची वस्तू मला बघवत नाही. त्यात त्या बोटीवर कापडाचे धागे दिसत होते. मी पुट्टी भरली, घासली, आणि खिडकीच्या ग्रिलचा उरलेला लाल ऑइल पेंट दोन हात मारला. वर एक पांढरी रेघ ओढली. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, भराभर अंगठे आले. बायको म्हणाली, "त्यांना विचारलं का?" मी म्हणालो, "सरप्राइज कोणी विचारून देतं का?"

काका परत आले. बोट उचलून हातात धरली. काटा काढलाच नाही, हातालाच कळलं असावं. मग म्हणाले, "रंग चांगला आहे सरजी. मेहनत घेतली तुम्ही."

मला राग आला. एवढं राबून कौतुक एवढंच? सोमवारी स्टाफरूमला नवा किस्सा मिळाला.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना नदीवर, तिलवाऱ्याच्या घाटाला नेलं. घाटाच्या कडेला पाणी संथ असतं, तिथे. बोट पाण्यात काका सोडत नाहीत, काकू सोडतात, तेही उजव्या हातानं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"पहिली बोट उचललीच नव्हती, पायरीवरून नुसती सरकवली होती," काकू माझ्या बायकोला सांगत होत्या. "मागची छातीपर्यंत नेली मी. हात सुधारून राहिला माझा."

त्या पायरीवर बसल्या आणि बोटीखाली हात सरकवला. बोट इंचभर उठली आणि खाली टेकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मनगट थरथरायला लागलं, तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला.

"गेला माझा हात," त्या म्हणाल्या.

"हात नाही गं, बोट जड झाली," काका म्हणाले. "पुट्टी जास्त लागली माझ्याकडून."

"तुमच्याकडून? एकेका ग्रॅमसाठी जीव काढता तुम्ही. मला काहून फसवता?"

मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी पुलावरचे ट्रक बघत होतो. काकू रडायला लागल्या, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"काकू, रंग मी लावला. पुट्टीसुद्धा मीच. काकांना न विचारता."

काकूंनी डोळे पुसले. "खरं सांगता?"

"खरं."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "मग ठीक आहे. किती घाबरवलं तुम्ही मला."

रागाचा एक शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत आले. आम्ही दोघं रंग घासायला बसलो. मी माफी मागितली. त्यांनी आधी आपल्या घराचं दार लोटलेलं आहे ना, ते वाकून पाहिलं.

"हात सुधारून नाही राहिला सरजी," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आता आहे एवढाच. मी बोटी हलक्या करून राहिलो. तिला वाटते, सगळ्या सारख्याच आहेत."

माझा हात थांबला.

"थांबू नका," काका म्हणाले. "पण जपून घासा. याहून पातळ झाली तर पाणी आत येते. आता या वजनाच्या खाली मला जाता नाही येत."