शांत ब्रेक

कार्यालय टेकडीवर आहे आणि जिच्यासाठी ते आहे, ती वस्ती टेकडीखाली. त्यामुळे कार्यालयाचा टपालवाला दिवसातून चार वेळा सायकलवरून उतार उतरतो. सायकलीला डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाला एक पोलादी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे दोन छोटे पॅड. टपालवाल्याचा जीव या पॅडवर, आणि पॅडचा जीव भांडारपालांवर.

पॅड झिजले तेव्हा त्याने अर्ज केला. भांडारपालांनी पॅड काढून मोजपट्टी लावली.

"अडीच मिलिमीटर. एकाच्या खाली गेल्याशिवाय बदलत नाहीत."

"साहेब, त्यात दोन मिलिमीटर मागचा पत्रा आहे. घासायचा थर अर्धा मिलिमीटरच उरलाय."

"मामा, माणसाचं वजन करताना हाडं वेगळी काढतात का?"

अर्ज निकाली निघाला. घरी बायको म्हणाली, "अहो, निवृत्तीला सात महिने राहिलेत. तेवढे तरी दोन्ही पायांवर घरी या."

महिन्याभरात उरलेला अर्धाही गेला. पत्रा तबकडीवर घासू लागला आणि उतारावरून अशी किंकाळी जाऊ लागली की वस्तीतली तान्ही पोरं दचकून उठत. वस्तीने तक्रार केली. विषय : आवाज. खाली एक्केचाळीस सह्या.

एक्केचाळीस सह्या पाहून कार्यालयाने समिती नेमली. समितीसमोर दोन प्रकारचे पॅड मांडले गेले. मऊ पॅड आवाज कमी करतात, पण लवकर झिजतात. धातूचे टिकतात, पण भिजले की ओरडतात. टपालवाल्याचं मत विचारलं.

"कुठलेही द्या, पण द्या."

'अर्जदारास निवडीत रस नाही,' अशी नोंद झाली. पुढे समितीच्या असं लक्षात आलं, की तक्रार आवाजाची आहे, थांबण्याची नव्हे. आवाजावर कार्यालयात एक उपाय पूर्वीपासून सिद्ध होता. सभागृहाचं दार करकरायचं, तेव्हा बिजागरीत तेल घातलं होतं.

भांडारपालांनी पॅडवर आणि तबकडीवर स्वतःच्या हाताने तेल सोडलं.

"अहो साहेब, ब्रेकला तेल? त्याला तेलकट बोटसुद्धा लागू द्यायचं नसतं!"

"आवाज येतोय?"

"नाही."

"मग करा सही. तक्रार निवारण झाली."

टपालवाला कागद सावकाश वाचू लागला. "सायकल थांबते का, हा रकाना कुठाय?"

"तो नाही. तशी तक्रारच कुणाची नाही."

मग टपालवाला चाक पायाने रोखत, चपलेचा तळ झिजवत वस्तीत गेला. म्हणाला, "ब्रेक लागत नाही, एवढं एकदा लिहून द्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला कोण विचारतंय?"

लोकांनी त्याला पाणी दिलं. म्हणाले, "आता किती शांत वाटतंय, मामा. उगाच कशाला उकरून काढता?"

आज त्याच्या पिशवीत एक्केचाळीस पाकिटं आहेत. सही करणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाने कळवलं आहे, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या दूर झाली. ती वाटायला तो आत्ताच उताराला लागला आहे. चपलेला तळ उरलेला नाही.

कुठल्या कागदावर न वाचता सही केली होती, ते तुम्हाला आठवत नसेल. हरकत नाही. एक पाकीट तुमच्या नावाचं आहे. रस्त्याने जाताना अधूनमधून मागे बघा. आवाज येणार नाही.