नामखाईने जिंकलेला डाव

शागदारने हार मानत आपला राजा बुद्धिबळाच्या पटावर आडवा केला आणि नामखाईला आनंदाने रडूच यायचं बाकी राहिलं. बायकोच्या या धाकट्या भावाने त्याला आजवर प्रत्येक डावात धूळ चारली होती. वर दर नववर्षाच्या जेवणात मेंढीच्या पाठीचं मांस कापता कापता तो साऱ्या सासुरवाडीला ते चवीने ऐकवायचा. यंदा ऐकवणार होता नामखाई.

हरलेल्याचा मान राखावा म्हणून तो उठला. जाडजूड अंगरख्यात हात घालून त्याने तपकिरीची कुपी काढली आणि डावा हात कोपराला लावून रीतसर मेव्हण्यापुढे धरली. शागदारनेही अदबीने हात पुढे केला. हातात आला मोबाइल.

आता उलानबातरच्या थंडीत फोन उघड्यावर राहिला की गारठून मरतो, म्हणून आम्ही सगळेच तो पोटाशी धरून हिंडतो. काही वेळाने तो आहे हेही विसरतो. सकाळी स्पर्धेच्या दाराशी सगळ्यांचे फोन जमा झाले, तेव्हा नामखाईने "माझा घरी राहिला" असं अगदी मनापासून सांगितलं होतं.

"वा, दाजी!" शागदार ओरडला. "म्हणून जिंकलात होय!"

"अरे, बंद पडलाय तो! बघ की!"

"आत्ता बंद आहे. मघाशी? सारखे उठून कुठे जात होतात?"

"चहा झाला होता रे चार वाडगे! माणूस जाणार कुठे?"

पंच खांदसुरेनबाई आल्या. "भांडू नका. तुमच्या चाली कॉम्प्युटरवर घालते. त्याच्या चालींशी जुळल्या तर नामखाई वर्षभर स्पर्धेबाहेर. नाही जुळल्या तर निकाल कायम."

सगळी स्पर्धा पडद्याभोवती गोळा झाली. नामखाई वरून संतापला होता, पण आतून जरा सुखावलाही होता. कॉम्प्युटरसारखा खेळलास म्हणणं म्हणजे काय चेष्टा आहे? उभ्या आयुष्यात त्याच्यावर हुशारीचा आळ कुणी घेतला नव्हता.

बाई चष्मा सावरून वाचू लागल्या. "इथे नामखाईंनी वजीर फुकट दिला."

लोक हसले.

"शागदारांनी तो घेतलाच नाही."

लोक आणखी हसले.

"इथे शागदारांना एका चालीत मात करता येत होती. दिसली नाही. आणि शेवटी त्यांनी हार मानली तेव्हा..."

"तेव्हा काय?" शागदारने घाबरत विचारलं.

"तेव्हा तुम्ही जिंकत होतात. असो. एक चाल जुळत नाही. चोरी नाही."

शागदार लालबुंद झाला. "बाई, नीट बघा ना! चोरी असणारच! दाजी, तुम्हीच सांगा, केलीत की नाही?"

नामखाईने हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. मूर्ख ठरण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं, असं त्याला वाटलं.

"केली," तो म्हणाला. "सगळ्या चाली फोनवरनं."

"या असल्या चाली? मग फोन दुरुस्तीला टाका," म्हणत बाईंनी त्याच्या नावापुढे विजय मांडून टाकला.

दोघे बाहेर पडले. "दाजी, नववर्षाला घरात हे..."

"मी बोलत नाही. तूही बोलू नकोस."

घरी बायकोने दार उघडलं. "काय झालं?"

"हरलो," नामखाई म्हणाला.

"बरं, हात धुवून घ्या," ती म्हणाली. तिला जराही नवल वाटलं नाही.